बोफर्टचा ड्रॉब्रिज आणि आमचा गंभीरा

दोन वर्षांनी बडोद्याला आले आहे. दांडिया बाजारातल्या घरी सकाळचा चहा झाला की काका म्हणतात, "तुमच्या तिकडचा तो उघडणारा पूल सांग पुन्हा." मीही सांगते.

मी नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर मोरहेड सिटीत राहते, नोकरी पलीकडच्या बोफर्टला. (स्पेलिंग तेच, पण साउथ कॅरोलायनातलं गाव ब्यूफर्ट. आमच्याकडे तसं म्हटलं की लोक लगेच दुरुस्त करतात.) 2018 पर्यंत बोफर्टमध्ये शिरायचं ते 1957 सालच्या ड्रॉब्रिजवरून. उंच शिडाची बोट आली की घंटा वाजायची, फाटकं खाली यायची आणि समोरचा रस्ताच हळूहळू उभा राहायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी गाडीतून उतरून बघतच राहिले. एवढं धूड उचलायला राक्षसी ताकद लागत नाही. रेल्वे फाटकाच्या दांड्याला मागे वजन असतं, तीच युक्ती.

पण रोज जायचं-यायचं असलं की कौतुक ओसरतं. उन्हाळ्यात पर्यटक आले की रांग लांबच लांब. एकदा माझ्या मागेच ॲम्ब्युलन्स अडकली होती. सायरन चालू, समोर पूल उभा, आणि शिडाची बोट आपल्या चालीने चाललेली. इस्पितळ मोरहेड सिटीला. ती पाच-सात मिनिटं मी विसरलेले नाही.

त्यात खारी हवा. ती लोखंड खाते आणि काँक्रीटमध्ये शिरून आतल्या सळ्याही. मोटर, गिअर, बिजागऱ्या सगळ्यांची सतत निगा राखावी लागायची.

2018 सालचा नवा पूल जागचा हलत नाही. पाण्यापासून 65 फूट उंच, म्हणजे सहा मजली इमारत खालून जाईल एवढा. बोटी खालून, गाड्या वरून. कुणी कुणासाठी थांबत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात फ्लॉरेन्स वादळ आलं आणि गाव सोडताना आम्ही त्याच पुलावरून निघालो. त्या दिवशी मला तो फार सुंदर वाटला.

काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "म्हणजे जुना चालू असतानाच नवा बांधला?"

"हो काका. नव्यावर वाहतूक गेली, मग जुना पाडला."

काका गप्प झाले. ते का गप्प झाले ते बडोद्याच्या माणसाला सांगायला नको. मही नदीवरचा गंभीरा पूल 1985 सालचा, आमच्या ड्रॉब्रिजपेक्षा अठ्ठावीस वर्षांनी लहान. 9 जुलै 2025 च्या सकाळी त्याचा गाळा कोसळला, गाड्या नदीत पडल्या, किमान वीस माणसं गेली. आत्या बोरसदला असते. पादऱ्यावरून त्याच पुलाने काका कित्येक वर्षं राखीला जात आले. मला तिकडे रात्री बातमी कळली आणि घरचा फोन लागेपर्यंत हातपाय गार पडले होते. त्या माणसांच्या घरच्यांना मात्र तसा फोन लागला नाही. जुना पूल उभा असतानाच त्याच्या जागी नवा उभा राहायला हवा, हे मला बोफर्टला रोज दिसतं आणि इथे आल्यावर छातीत रुतून बसतं.

काल मी फोनवर नव्या पुलाचा फोटो दाखवला. मागे निळं पाणी, वर समुद्रपक्षी. काकांनी चष्मा लावला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि खांबावर गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, टेकतो त्या जागेकडे बराच वेळ बघत बसले.