क्रूझवरून उतरताना: शेवटची रात्र आणि सकाळ

उतरण्याची गडबड खरं तर आदल्या संध्याकाळीच सुरू होते. केबिनमध्ये रंगीत, नंबर छापलेले टॅग आलेले असतात. ते बॅगांना लावायचे आणि रात्री साधारण १० ते १२ च्या दरम्यान, जी वेळ दिली असेल तेव्हा, बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. त्यानंतर त्या थेट बंदरावरच्या टर्मिनलमध्ये दिसतात. म्हणून बॅग बाहेर सरकवण्याआधी सकाळचे कपडे पलंगावर मांडून ठेवावेत, अगदी मोज्यांपर्यंत. पासपोर्ट, औषधं, चष्मा आणि चार्जर हातातल्या पिशवीत. बूट बॅगेत गेले की सपाता घालून विमानतळ गाठायची वेळ येते, आणि हे वाटतं तितकं विरळ नाही.

विमानप्रवासाचे जुने टॅग काढून टाका. नव्या टॅगसकट बॅगेचा फोटो काढा. टॅग फाटला तर बॅग भलत्याच ढिगात जाते. बॅगा स्वतः ओढत नेता येत असतील तर तेच बरं, असं माझं मत. तशी मुभा बहुतेक जहाजांवर असते, शिवाय उतरायलाही लवकर मिळतं.

जहाजावर घेतलेल्या ड्यूटी-फ्री बाटल्या बहुधा शेवटच्या संध्याकाळी हातात पडतात. त्या हातातच राहिल्या तर बऱ्याच विमानतळांवर हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी बाटली न नेण्याचा नियम आडवा येतो. टर्मिनलमध्ये बॅग मिळाली की तिथेच उघडून बाटली कपड्यांत गुंडाळा.

बिल रात्रीच ॲपवर किंवा टीव्हीवर तपासा. न घेतलेलं पेय बिलात दिसलं तर रात्री जहाजाच्या चौकशी काउंटरवर दहा मिनिटांचं काम असतं. सकाळी त्याच काउंटरसमोर लांब रांग असते. तिजोरी आणि फ्रिज उघडून बघा. इन्सुलिन फ्रिजमध्येच विसरतं.

जहाज पहाटे धक्क्याला लागलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत कुणी खाली उतरू शकत नाही. आपल्या टॅगवरचा नंबर पुकारला जाईपर्यंत गँगवेपाशी, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलापाशी, गर्दी करण्यात काही अर्थ नाही. लिफ्ट भरलेल्या असतात, जिने वापरा. नाश्त्यातलं सफरचंद पिशवीत टाकू नका. बऱ्याच देशांत ताजी फळं किनाऱ्यावर न्यायला बंदी आहे आणि दंडही होतो.

विमान दुपारी बारानंतरचंच घ्या, विमानतळ लांब असेल तर आणखी उशिराचं. धुक्यामुळे बंदरात शिरायलाच उशीर झाला तर सगळं गणित कोलमडतं. जहाजाची वेळ आणि फोनमधली वेळ एकच आहे ना, हेही बघा. एअरप्लेन मोड मात्र जमिनीवर पाय टेकल्यावरच काढा. जहाजाचं नेटवर्क फोनने पकडलं तर बिल भरमसाट येतं.

घरी आल्यावर अंघोळीला डोळे मिटून उभं राहिलं की जमीन डुलते. बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत थांबतं. महिना उलटूनही डुलणं थांबलं नाही, गाडीत बसल्यावर बरं वाटून उतरल्यावर पुन्हा सुरू झालं, तर डॉक्टरांकडे जा आणि क्रूझवर गेलो होतो हे आपणहून सांगा.