तुम्ही विचारलंत म्हणून: शब्दकोडं अडलं की मदत कशी मागायची?

प्रश्न नेहमीचाच आहे. रोजच्या पेपरातलं शब्दकोडं अर्ध्यावर येऊन अडतं, तेव्हा मदत कुठून घ्यायची? आणि पाठोपाठ, जरा आवाज खाली आणून विचारलं जातं ते असं, की मदत घेतली तर ती लबाडी होते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. होत नाही. बक्षिसाचं कूपन भरून पाठवायचं असेल तर त्याचे नियम वाचा. एरवी कोडंही तुमचं आणि चहाही तुमचाच. पहिल्याला मात्र वेळ लागेल, कारण बहुतेकांचं अडतं ते मदत नीट मागता येत नाही म्हणून. ‘अहो, मेघाला काय म्हणतात?’ असं विचारलंत तर समोरचा ‘ढग’ म्हणणार आणि मोकळा होणार.

मागताना तीन गोष्टी सांगायच्या: क्लू जसाच्या तसा, घरं किती, आणि कितव्या घरात कुठलं अक्षर आलंय. क्लू स्वतःच्या शब्दांत सांगू नका. त्यातलं लिंग, वचन, क्रियापदाचं रूप यांतच अर्धं उत्तर असतं. ‘त्रास देणे’ असा क्लू असेल तर शेवटच्या घरात ‘णे’ आधीच पेन्सिलीनं लिहून टाका. मग छळणे, गांजणे की सतावणे हे आडव्या-उभ्या छेदावर ठरू द्या. ‘झाडे’ असं अनेकवचन विचारलं असेल तर उत्तर ‘वृक्ष’ येईल, ‘तरू’ येईल, पण ‘झाड’ला भाऊ असलेलं एकवचनी ‘रोप’ येणार नाही.

घरं मोजण्यात नवशिक्यांची फार गडबड होते. मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसतं: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, विसर्ग सगळ्यासकट. जोडाक्षरालाही एकच घर. सोलापूर चार घरांचं, पुस्तक तीन, स्वातंत्र्य तीनच, सूर्य दोन, दुःख दोन. अर्धं अक्षर नेहमी पुढच्याच्या घरात जातं. म्हणून छेदाचं घर आपल्याकडे फार बोलकं असतं: तिथे नुसता ‘न’ मिळत नाही, ‘नी’ मिळतो. ‘वारा’ आणि ‘अग्नी’ यांतला फरक बघा. अनिल आणि अनल, दोन्ही तीन घरांचे, पहिलं-तिसरं घर सारखं. मधल्या घरातली एक वेलांटी सगळा निकाल लावते.

याच कारणानं इंग्रजी कोड्यांसाठी बनवलेली ‘रिकाम्या जागा भरा’ छापाची साधनं मराठीला फारशी चालत नाहीत. संगणक ‘सोलापूर’मध्ये चार नव्हे, सात चिन्हं मोजतो, कारण ओकार, काना आणि उकार त्याच्या लेखी वेगळे. चार प्रश्नचिन्हं टाकून शोधलंत तर सोलापूर कधीच सापडणार नाही. मोबाइलवरच्या एआयला विचारलं तर तो तत्परतेनं पाच-सहा शब्द देतो, पण त्याच्या मोजणीवर विसंबू नका. घरं स्वतः मोजा.

आता एक कोपरा प्रत्यक्ष सोडवू. एक आडवा: ‘मेघ (३)’. एक उभा, त्याच घरातून खाली: ‘भीमेला मिळणारी नदी (२)’. सोलापूरचा माणूस उभ्या शब्दाला चटकन ‘सीना’ म्हणतो आणि शाईनं लिहूनही टाकतो. पण नीराही भीमेलाच मिळते, माणही. तिन्ही दोन घरांच्या. म्हणून आधी मेघाची यादी करा: जलद, नीरद, तोयद, अंबुद, वारिद, पयोद, जीमूत. यातला एकही ‘सी’नं सुरू होत नाही, ‘मा’नंही नाही. ‘नी’नं होतो तो नीरद. म्हणजे एक आडवा नीरद आणि एक उभा नीरा. तिसऱ्या घरातल्या ‘द’वरून खाली ‘भटजींना द्यायची (३)’ असेल तर ‘दक्षिणा’ बसते आणि कोपरा पक्का होतो. दोन्ही क्लू सुटे सुटे कुणाला विचारले असते तर दोन्हींना चुकीचं उत्तर मिळण्याचीच शक्यता जास्त होती. एकत्र विचारले की सुटतात.

मेघाची ती यादी पाठ करावी लागत नाही, ती बनवता येते. पाण्याचे शब्द घ्या: जल, नीर, तोय, अंबु, वारि. त्यापुढे ‘ज’ लावला की कमळ, ‘द’ लावला की ढग, ‘धी’ लावला की समुद्र. जलज, जलद, जलधी. नीरज, नीरद, नीरधी. अंबुज, अंबुद, अंबुधी. कोडं रचणाऱ्यांचं हे कोठार आहे, आणि ते त्यातून मुठी भरभरून घेतात. ‘जलद’ आला की ‘वेगवान’ असा क्लू देऊन ते फसवतातही. कर म्हणजे हात, किरण आणि सारा. द्विज म्हणजे पक्षी, दात आणि ब्राह्मण. कनक म्हणजे सोनं आणि धोत्राही. या अनेकार्थी शब्दांवर लक्ष ठेवा.

कवींची टोपणनावं हे दुसरं कोठार. कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर आणि गोविंदाग्रज म्हणजे गडकरी हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण दोन्ही पाच घरांची असून शेवटची ‘ग्र’, ‘ज’ ही दोन घरं सारखीच आहेत, हे कोड्यात पडल्याशिवाय लक्षात येत नाही. केशवसुत (दामले) आणि केशवकुमार (अत्रे) यांची पहिली तीन घरं सारखी, म्हणून इथे आधी घरं मोजायची: पाच की सहा.

म्हणी आणि गाळलेल्या जागा सगळ्यात आधी भरा. ‘आडात नाही तर ---- कुठून येणार’ याला दुसरं उत्तरच नाही. ‘पोहऱ्यात’, चार घरं. उलटसुलट सारखेच वाचायचे शब्द (नयन, कडक, मलम, सरस, नवीन) मोजकेच आहेत, ते लवकर ओळखीचे होतात.

शब्दकोशाचा उपयोग लोक उलट्या बाजूनं करतात. कोशात शब्दावरून अर्थ मिळतो. आपल्याला अर्थावरून शब्द हवा असतो. त्यासाठी छापील कोश कुचकामी, पण शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही आहेत आणि तिथे अर्थाच्या मजकुरातही शोधता येतं. मोल्सवर्थमध्ये ‘क्लाउड’ हा इंग्रजी शब्द अर्थाच्या मजकुरात शोधलात की मराठी शब्दांची रांग लागते. फक्त एक धोंड आहे. हे कोश १९६२च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे. त्यांत ‘कवि’, ‘जलधि’ ऱ्हस्व असतात, ‘नांव’, ‘गांव’ यांवर न उच्चारला जाणारा अनुस्वार असतो. आजच्या कोड्यात कवी, जलधी, नाव, गाव असंच बसतं. कोशातला शब्द जसाच्या तसा उतरवला की छेदाचं घर जुळत नाही, आणि माणूस बरोबर उत्तर खोडून बसतो.

माणसांची मदत घ्यायला सोलापूर गाव सोयीचं आहे. पूर्व भागात घरी तेलुगू बोलणारे शेजारी, इतरत्र कन्नड बोलणारे. संस्कृताळलेल्या क्लूला घाबरणारा मराठी माणूस त्यांना विचारायला विसरतो. पाण्याला रोज ‘नीरु’ म्हणणाऱ्याला नीरद सांगावा लागत नाही. गावाशी संबंधित क्लू आला तर मात्र घाई करू नका. ‘सोलापूरचे ग्रामदैवत’ चार घरांत सिद्धेश्वर, सहा घरांत सिद्धरामेश्वर. ‘सोलापूरचा हुतात्मा’ विचारला तर १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या चौघांची आडनावं आठवा: शिंदे दोन घरं, सारडा तीन, हुसेन तीन, धनशेट्टी चार. ‘जिल्ह्यातला तालुका (५)’ हा तर महाबिलंदर क्लू: पंढरपूर, मंगळवेढा, माळशिरस, अक्कलकोट, चारही पाचच घरांचे.

साधनं साधी. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई फुटते आणि टोकदार पेन्सिलीनं कागद फाटतो. मऊ शिशाची टू-बी पेन्सिल आणि खाली पुठ्ठा पुरतो. वाचनालयातला अंक असेल तर कृपा करून त्यावर काही लिहू नका. मागून येणाऱ्याला ‘नीरद’ आयता वाचायचा नसतो. गणिताच्या चौकटीच्या वहीत कोडं उतरवून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

सगळं करूनही गाडी अडली, तर जे शब्द ‘पक्के’ वाटतायत त्यांच्यावर संशय घ्या. मराठी शब्द ‘ण’ किंवा ‘ळ’नं सुरू होत नाही. पहिल्या घरात यांपैकी काही आलं असेल तर छेदणारा शब्द चुकलाय, कितीही पक्का असो. पण वेलांटी तेवढी जुळत नसेल, म्हणजे आडव्या ‘कवी’चा ‘वी’ आणि उभ्या ‘विहीर’चा ‘वि’ एकाच घरात येत असतील, तर चूक तुमचीच असेल असं नाही. काही रचणारे ऱ्हस्व-दीर्घ सोडून देतात. आपला पेपर कुठल्या जातीचा आहे हे आठवडाभराची छापील उत्तरं छेदाछेदावर तपासली की कळतं. तो सैल असेल तर छेदातल्या वेलांटीवर भार टाकू नका. कडक असेल तर तीच तुमची मोठी मदत.

दुसऱ्या दिवशीचं उत्तर नुसतं बघून पान उलटू नका. न सुटलेले शब्द वहीत उतरवा, पण अकारविल्हे नको. दोन घरांचं एक पान, तीनचं एक, चारचं एक, आणि प्रत्येक शब्दाआधी त्याचा क्लू. रचणारे तेच क्लू फिरवून फिरवून देतात, आणि अडलेल्या वेळी तुम्हाला शोधायचा असतो तो क्लू आणि घरांचा आकडा. शब्द तर तेव्हा आठवतच नसतो.