तुम्ही विचारलंत म्हणून: साहेबांना किती द्यावे लागतात?

लग्नात, बारशाला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, मी बिल्डिंगची कामं घेतो हे कळलं की दहा मिनिटांत हा प्रश्न येतोच, आवाज जरा खाली आणून, "काय हो, साहेबांना किती द्यावे लागतात?" मागच्या महिन्यात पुण्यात सहकारनगरला एका सोसायटीत रिडेव्हलपमेंटचं बोलायला गेलो होतो, तिथल्या काकूंनी तर चहा यायच्या आधीच विचारलं. तेव्हा हसून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो. साहेब म्हणजे महापालिकेचे, साईटवर येऊन बांधकाम तपासणारे इंजिनिअर.

मागणारे भेटलेत का? भेटलेत. बावीस वर्षं या धंद्यात आहे, नाही म्हटलं तर तुम्हीच हसाल. पण माझं डोकं फिरतं ते त्याच्यापेक्षा तोंडी कारभारावर. साहेब साईटवर येतात, इकडे बघतात तिकडे बघतात, "हे जरा बघून घ्या" म्हणतात आणि गाडीत बसतात. हे म्हणजे कुठलं? जिन्याचं, डक्टचं, पावसाच्या पाण्याच्या खड्ड्याचं? फोन केला तर "तुमच्या आर्किटेक्टना कळेल". आर्किटेक्ट म्हणतो मला काय स्वप्न पडतं का. 2020 च्या डिसेंबरात मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली आली तेव्हा वाटलं चला, पुस्तक एक तर अर्थ पण एक. कसलं काय, साहेब बदलला की तेच कलम वेगळं वाचलं जातं, आणि आधीच्या साहेबाने काय सांगितलं होतं याचा कागद नसतोच, मग भांडायचं कशावर. लेखी मिळतं ते बहुतेक वेळा एकच, एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 ची, बेकायदा बांधकामाची नोटीस.

कर्वेनगरचं सांगतो. लहानसं काम, चार मजले, आठ फ्लॅट. जोतं, म्हणजे प्लिंथ, झालं. जोत्यापर्यंत काम आलं की कळवायचं, तपासणी व्हायची आणि मगच वर जायचं, तर आर्किटेक्टच्या दाखल्यासकट अर्ज दिला. आमचे साहेब इलेक्शन ड्युटीला. त्यांच्या जागी आलेले म्हणाले ही फाईल माझी नाही. अकरा दिवस गेले. सेंटरिंगवाल्याची, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावणाऱ्याची, नऊ माणसं यादगीरकडची, पत्र्याच्या शेडमध्ये बसून, आणि काम असो नसो शनिवारी उचल द्यावीच लागते, किराणा थोडाच थांबतो, नाही दिली तर सोमवारी ती वाघोलीला दुसऱ्याच्या साईटवर दिसणार. मी ऑफिसच्या जिन्यात रोज उभा. तिथला शिपाई मला नावाने ओळखायला लागला.

बाराव्या दिवशी आमचे साहेब आले, हातात मोजणीचा नकाशा, तो 'क' प्रत म्हणतात ना तो, आणि टेप. बाजूला तीन मीटर सोडायचे होते. भरले 2.86. मी तडकलो. म्हटलं साहेब लाईनआऊट, जमिनीवरची आखणी, मी स्वतः उभा राहून केलंय, भिंतीपासून बरोबर तीन मीटर आहे, परत मोजा. ते शांतपणे म्हणाले, भिंतीपासून आहे, हद्दीपासून नाही. सोसायटीची कंपाउंड वॉल 1978 ची, कोणीतरी अंदाजाने बांधलेली, शेजारच्या प्लॉटमध्ये चौदा सेंटिमीटर शिरलेली, आणि मी मोजणीच्या खुणा न शोधता दोरी भिंतीपासून धरलेली. चूक माझी. मुकादमाची पण नाही, माझी.

आणि त्यांनी ते लिहून दिलं. दोन ओळी, माप, सही. तोंडी म्हणाले असते ना तर खरं सांगतो मी वाद घातला असता, मधला माणूस गाठला असता, काम वर चढवलं असतं, आणि भोगवटापत्राच्या, म्हणजे राहायला जायच्या परवानगीच्या वेळी आठ घरं भाड्याच्या खोल्यांत अडकली असती. आरसीसी कन्सल्टंटकडून डिझाईन बदलून घेतलं, तीन कॉलम ब्रेकर लावून फोडले, आत घेतले. वीस दिवस आणि बरेच पैसे गेले, बायकोला आकडा अजून सांगितलेला नाही.

नंतर कधीतरी चहावर मी त्यांना विचारलं की बाकीचे का हो लिहून देत नाहीत. म्हणाले, बालेवाडी आठवतं का? 2016 च्या जुलैत बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा स्लॅब कोसळून नऊ कामगार गेले होते तिथे. असं काही झालं की पहिल्यांदा फाईल उघडून सही कोणाची ते बघतात, मग ज्याने कुठे काही लिहिलंच नाही तो सुटतो. आणि तुम्ही लोक तरी काय, म्हणाले, भोगवटा हातात पडला की आठ दिवसांत टेरेसवर पत्रे आणि पार्किंगमध्ये ऑफिस, मग तक्रार आली की तेव्हा झोपला होतात का म्हणून आम्हाला विचारतात. यावर मला काही बोलता आलं नाही, कारण त्या पत्र्यांचा एक जॉब मीच केला होता, धनकवडीला.

तेव्हापासून साईटवर एक वही ठेवतो. साहेब आले की चहाबरोबर पुढे सरकवतो, काय बघितलं ते लिहा म्हणून. बहुतेक जण वही बघून चहाच नको म्हणतात. एकाने लिहिलं, "पाहिले", खाली सही, तारीख. काय पाहिलं ते नाही.

तर काकू, उत्तर उशिरा देतोय. तुमच्याकडे जो कोणी बिल्डर येईल, मी धरून, त्याला साहेबांचा रेट नका विचारू, आधीच्या दोन कामांचे जोते तपासणीचे कागद दाखव म्हणा. आणि तुमची ती मागची कंपाउंड वॉल कोणी, कधी आणि कशावरून बांधली ते जरा शोधून ठेवा.