आमची वाटचाल: ह्यूस्टनच्या बोगद्यातलं टाको काउंटर

ह्यूस्टनच्या डाउनटाउनमध्ये ऑगस्टच्या दुपारी बारा वाजता रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळे खाली असतात. रस्त्याखाली सुमारे २० फुटांवर इमारतींना जोडणारे थंडगार बोगदे आहेत, सगळे मिळून ६ मैलांहून जास्त, आणि जेवायची फूड कोर्टं त्यांतच. शनिवार-रविवार कुलूप. म्हणजे आठवड्याचा गल्ला पाच दुपारींचा, आणि दुपार म्हणजे साडेअकरा ते दीड. त्या दोन तासांत जे विकलं गेलं नाही ते गेलंच. ज्यांनी बोगद्यात धंदा केलाय त्यांना हे सांगायला नको.

२००६ साली अशाच एका फूड कोर्टातलं मेक्सिकन काउंटर विकायला निघालं आणि ते आम्ही घेतलं. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान आणि दोन्या. मेक्सिकोत बाईला आदराने 'दोन्या' म्हणतात, आमच्या दोन्या मूळच्या तिथल्याच मिचोआकान राज्यातल्या. जुन्या मालकाकडे त्याच तव्यावर उभ्या असायच्या. व्यवहार ठरत असताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पगारावर राहणार नाही. चौथा हिस्सा द्या, नाहीतर मी निघाले." ह्यांना ते पटेना. मी तिथल्या तिथे हो म्हटलं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे.

आपल्या लोकांनी मात्र विचारून विचारून जीव खाल्ला. सांगलीची पोरगी मेक्सिकन काय विकतेय, वडापाव ठेव! मी म्हणायची, ज्या मिरचीवर आपण जन्म काढतो ती तिकडूनच पोर्तुगिजांच्या गलबतातून आपल्याकडे आली. ग्वाहिय्यो ही मेक्सिकन लाल मिरची हातात घेतली की मला ब्याडगी आठवते, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. फहिताचं बीफ, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या पट्ट्या, विकता का, असंही विचारायचे. विकतो. त्याचा चिमटा वेगळा, पॅन वेगळा. आणि आमच्या बीन्समध्ये चरबी नसते, म्हणून वरच्या ऑफिसांतली शाकाहारी मंडळी डोळे मिटून आमच्याकडे यायची.

पुढची आठ-नऊ वर्षं चांगली गेली.

२०१५ च्या सुरुवातीला सरकत्या जिन्यासमोरच्या गाळ्याला काळं प्लायवूड लागलं. फूड कोर्टात जिन्यासमोरचा गाळा म्हणजे काय, ते व्यवसायातल्यांना कळेल. खाली उतरणाऱ्याची नजर आधी तिथे जाते, भूक तिथेच ठरते. आमचा गाळा कोपऱ्यात, खांबाच्या मागे. प्लायवूडवर नाव झळकलं तेव्हा कळलं, रेस्टॉरंटांची एक मोठी साखळी येतेय. टॉर्टियात, म्हणजे मेक्सिकन पोळीत, गुंडाळलेलं आणि वाडग्यात घातलेलं सगळं विकणारी.

आमच्या लीजमध्ये कलम होतं. या फूड कोर्टात दुसरं मेक्सिकन काउंटर येणार नाही, हे शाई-कागदावर लिहिलेलं होतं. ते घेऊन मी इमारतीच्या मॅनेजरकडे गेले. पूर्वीचे मॅनेजर बदलले होते, हे नवे. त्यांनी कलम शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "ते मेक्सिकन नाहीत. त्यांच्या अर्जात 'बोल आणि रॅप' लिहिलंय." बोल म्हणजे वाडगा, रॅप म्हणजे गुंडाळी. तांदूळ, काळे बीन्स, आव्होकाडोचं ग्वाकामोले, साल्सा म्हणजे त्यांची चटणी, वर चीज, आणि तरी मेक्सिकन नाही! वकिलाला विचारलं. तो म्हणाला, भांडता येईल, पण माझी फी तुमच्या वर्षाच्या नफ्यापेक्षा जास्त होईल. ती गोष्ट मी आजही विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. आमची वेळेवर भरलेली भाडी, कॉमन एरियाचा खर्च, सगळं त्या मॅनेजरच्या फायलीत होतं.

उघडल्यावर पहिला आठवडा त्यांनी बरिटो, म्हणजे सारण भरून गुंडाळलेल्या टॉर्टिया, फुकट वाटले. रांग आमच्या काउंटरसमोरून वळून जायची आणि आम्ही तिघं ती बघत उभे. त्यात तेल कोसळलेलं. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप २०१६ च्या सुरुवातीला तिसाच्या खाली आलं. ह्यूस्टनमध्ये तेल पडलं की ऑफिसांतले मजले रिकामे होतात आणि मजले रिकामे झाले की आमचं स्टीम टेबल, म्हणजे जेवण गरम ठेवायचं टेबल, थंड पडतं. तीन टाको, भात आणि बीन्सची प्लेट आम्ही सात डॉलरला देत होतो. पुरवठादार सांगत होता, शिजवून चिरलेलं पिशवीबंद मांस घ्या, स्वस्त पडेल. ह्यांनी हिशोबाची वही माझ्यासमोर ठेवली. शेवटचे दोन पगार आम्ही घेतलेलेच नव्हते, मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेल्या पैशांतून भाडं गेलं होतं.

तेव्हा टॉर्टियाचं पीठ स्वतःच दळायला दोन्यांनी त्यांच्या दिराच्या बंद पडलेल्या टॉर्टिया कारखान्यातली चक्की आणली. ती चक्की अजून आमच्याकडे आहे. आत ज्वालामुखीच्या दगडाच्या दोन तळ्या. आदल्या संध्याकाळी मका चुन्याच्या पाण्यात उकळायचा. चुना मक्याच्या वजनाचा शंभरावा हिस्सा, जास्त झाला तर तोंडाला लागतो. मग झाकून रात्रभर ठेवायचा. सकाळी साल बोटांत सुटून येते. दोनतीन पाण्यांनी धुतला की चक्कीत. दाणा चिमटीत धरून नखाने तोडून बघायचा, मध्ये खडूसारखा बारीक ठिपका राहिला असेल तर बरोबर, नाहीतर पीठ चिकट होतं. दगड गुळगुळीत झाले की दोन्या छिन्नी-हातोडी घेऊन बसायच्या. आमच्या लहानपणी जात्याला टाकी लावणारी बाई दारात यायची, अगदी तोच ठेका, तोच आवाज. मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. आता मीच लावते.

पीठ थेट काउंटरवर यायचं. गिऱ्हाइकासमोर गोळा, प्रेसमध्ये प्लॅस्टिकच्या दोन कापांमध्ये दाबायचा, कोमालवर, म्हणजे तव्यावर, टाकायचा. कडा सुटल्या की उलटा, ठिपके आले की परत उलटा, मधोमध बोटांनी हलकं दाबलं की टॉर्टिया टम्म फुगते. जो वास सुटतो तो जिन्यापर्यंत जातो. खांब वासाला अडवू शकत नाही. आणि एक किलो मक्याचं जवळपास दोन किलो पीठ होतं, त्यामुळे किंमत न वाढवता आम्ही समोरच्यापेक्षा कितीतरी चांगली वस्तू देऊ लागलो. सात डॉलर सातच राहिले.

पण वासानेच सगळं झालं असतं तर काय हवं होतं! आमच्या इमारतीत मेलरूममध्ये एक गृहस्थ होते. पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक, रोज साडेसहाला बटाटा-अंड्याचा ब्रेकफास्ट टाको, हिरवा साल्सा, वर दोन सेरानो मिरच्या. साखळीचे फुकट बरिटो वाटले जात होते तेव्हाही ते आमच्याच रांगेत. रांग कसली, ते एकटेच. एके दिवशी म्हणाले, "मेनू द्या शंभर." टपालाच्या ढकलगाडीत ते कागद ठेवून मजल्यामजल्यावर वाटून आले. त्यानंतर दर गुरुवारी त्यांच्या हातची यादी यायची. कोणाला कॉर्नची म्हणजे मक्याची टॉर्टिया, कोणाला मैद्याची, कोणाला कोथिंबीर नको. पैसे मोजून पाकिटात. त्या गुरुवारांनी आमचं भाडं भरलं. त्यांना कधी सवलत देऊ केली तर रागवायचे.

नवीन येणाऱ्यांना सांगते, लीजमध्ये 'मेक्सिकन' असा मोघम शब्द घालू देऊ नका. टाको, बरिटो, केसडिया, बोल, रॅप, प्रत्येक पदार्थाचं नाव लिहून घ्या. भागीदाराला हिस्सा द्यायचा तर सुरुवातीलाच द्या, तंगी आल्यावर नाही. आव्होकाडोचा पुरवठादार एकच ठेवू नका. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने मिचोआकानहून आयात आठवडाभर थांबवली, तेव्हा ४८ आव्होकाडोंच्या एका खोक्यासाठी लोक रडत होते. आणि साल्साचे पैसे घेऊ नका, कधीच. साल्सा फुकट असतो म्हणून गिऱ्हाईक परत येतं.

२०२० मध्ये बोगदे ओस पडले त्याबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, मी काय वेगळं लिहू? आम्ही दोन्यांच्या गॅरेजसमोरून टॉर्टिया विकल्या आणि तगलो. जिन्यासमोरची साखळी तेव्हा गाळा सोडून गेली ती परतलीच नाही. त्या गाळ्याची चौकशी मी केली. भाडं सांगितलं ते आमच्या दीडपट. खांबामागेच राहिलो.

दोन्यांचे गुडघे आता उभं राहू देत नाहीत, पण हिस्सा चौथाच आहे आणि दर महिन्याला घरी पोचतो. मेलरूमचे गृहस्थ निवृत्त झाले. बहुतेक लोक आता मंगळवार ते गुरुवारच ऑफिसात येतात, म्हणून सोमवार आणि शुक्रवारसाठी आम्ही अर्धाच मका भिजवतो. याल तर साडेअकराच्या आत या आणि कॉर्नच मागा. तीन टाकोंची प्लेट आता साडेनऊ डॉलरला आहे, याहून कमीत आम्हाला परवडत नाही.