आमची वाटचाल : उद्यमनगरातल्या लेथपासून टर्बोपर्यंत

कोल्हापूरच्या उद्यमनगरात 2009 साली भाड्याच्या गाळ्यात एका लेथवर आम्ही सुरुवात केली. बुश, पिन, फ्लँज, फाउंड्रीवाल्यांचं जॉबवर्क. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणाऱ्या यंत्राच्या, कामाकडे आम्हाला ओढलं ते एका जुन्या ऑक्टेव्हिया आरएसनं. 1.8 लिटर, 20 व्हॉल्व्हचं इंजिन. मालकानं मूळचा रबरी डायफ्रॅमचा (पडद्याचा) डायव्हर्टर व्हॉल्व्ह, म्हणजे टर्बोची जादा हवा परत वळवणारी झडप, काढून पिस्टनवाला बसवला होता. तेव्हापासून गाडी चढाला ओढत नव्हती, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की बॉनेटखाली कबुतरं उडाल्यासारखी फडफड व्हायची.

आम्ही ठरवून टाकलं, स्प्रिंग नरम आहे. कडक स्प्रिंग घातली, खाली शिम (पातळ चकत्या) दिल्या. ओढ थोडी सुधारली, फडफड मात्र वाढली. तीन दिवस आम्ही स्प्रिंगच बदलत बसलो. ही चूक आमचीच होती, आणि त्या तीन दिवसांचे पैसे आम्ही घेतले नाहीत.

या व्हॉल्व्हच्या डोक्यावर बारीक होजमधून मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) दाब येतो. पूर्ण रेस दिली की पिस्टनच्या वर-खाली दाब सारखाच, म्हणून साधी स्प्रिंगही तो बंद ठेवते. पाय काढला की वर व्हॅक्यूम होतो, पिस्टन उचलला जातो आणि कोंडलेली हवा टर्बोच्या तोंडाकडे परत जाते. तो वेळेत उघडला नाही तर तीच हवा कॉम्प्रेसरच्या (टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाच्या) पात्यांवर उलटी आदळते. फडफड म्हणतात ती हीच.

चौथ्या दिवशी गळती शोधायला नळ्यांत धूर सोडून पाहिलं. होजला निपलजवळ, क्लिपच्या अगदी खाली, केसाएवढी चीर होती. रेस दिली की तिथून डोक्यावरचा दाब निसटायचा आणि व्हॉल्व्ह अवेळी उघडायचा. पाय काढला की व्हॅक्यूम पुरेसा पोचायचा नाही आणि तो उशिरा उघडायचा. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. आमच्या कडक स्प्रिंगनं पहिली झाकली, दुसरी वाढवली. नवा होज घातला, सगळ्या शिम काढल्या, मूळ स्प्रिंग परत बसवली. गगनबावड्याचा घाट चढताना बूस्टचा (टर्बोच्या दाबाचा) काटा स्थिर राहिला, खाली आला नाही.

तेव्हापासून आमच्याकडे आधी होज, क्लिपा आणि धुराची तपासणी होते. मग हातपंपानं व्हॅक्यूम देऊन काटा टिकतो का ते बघतो. ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणाऱ्या तेलानं पिस्टन चिकटतो, म्हणून तो पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतो. एवढं झाल्यावरच स्प्रिंगला हात लावतो. फडफड जाईल आणि पूर्ण बूस्टला हवा गळणार नाही, त्यातली सगळ्यात नरम स्प्रिंग ठेवतो. गिऱ्हाईक आवाजासाठी हवा बाहेर सोडायला सांगतं, तेव्हा एअरफ्लो सेन्सरची (आत येणारी हवा मोजणारी) गाडी असेल तर आम्ही नाही म्हणतो. मोजून घेतलेली हवा बाहेर गेली की पेट्रोल जास्त पडतं.

आज आम्ही पाच जण आहोत. शिम अजून त्याच पहिल्या लेथवर बनवतो.