घट कुणाच्या घरी बसवायचा

आईपप्पांचा घटस्फोट होणार हे कळलं तेव्हा मी दहावीला होते, आणि तो शब्द ऐकून डोळ्यासमोर कोर्ट वगैरे काही आलंच नाही, आमच्या देवघरातला नवरात्राचा घट आला, कुणीतरी उचलून खाली आपटल्यासारखा. अजूनही तो शब्द बोलताना मला तेच दिसतं.

आत्या म्हणली, तू देवीला बोल, लेकरांचं ती ऐकते. म्हणून त्या कोजागिरीला मी आत्यासोबत तुळजापूरला चालत गेले, लातूरहून ७५ किलोमीटरच्या आसपास, बिनचपलेची. औसा सोडल्यावर पायाला फोड आले, रस्ताभर आई राजा उदो उदो चालू, आणि मी मनात एकच वाक्य घोकत होते, आईला घरी येऊ दे. नंतर दोघांनी संमतीचा अर्ज टाकला. त्यात कायद्यानं पहिल्या अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं, मग परत विचारतात की निर्णय पक्का आहे का. मोठ्यांसाठी ती कोर्टाची प्रोसेस होती, मला मात्र ती देवीनं दिलेली मुदत वाटली. दर मंगळवारी उपवास धरला, बोर्डाचे पेपर पण त्यातच दिले. आणि शेवटच्या तारखेला दोघंही हो म्हणून आले.

एका मंगळवारी मैत्रिणीच्या वाढदिवसाचा केक मी विसरून खाल्ला होता. पुढची दोन वर्षं मला खरंच वाटायचं की माझ्या आईबापाचं लग्न त्या केकनं मोडलं. हे मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त देवासमोर दिवा लावणं बंद केलं, आणि आईला वाटलं पोरगी कॉलेजला जाऊन बदलली. म्हणून हात जोडून सांगते, घरात असं काही चालू असेल तर लेकराला नवस बोलायला लावू नका. आत्यानं मायेनंच सांगितलं होतं, पण नवस फळला नाही की लेकरू देवाला नंतर दोष देतं, आधी स्वतःला देतं.

माझ्या भावाचं उलटं झालं. तो तेव्हा बारा वर्षांचा, आमच्या गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात हरिपाठाला जायला लागला, मग टाळ, मग गळ्यात माळ. मला त्याचा राग यायचा. एकदा कीर्तनातून आला आणि जेवता जेवता म्हणला, ताई, माउलींच्या घरी पण असंच झालतं. म्हणजे आपेगावचे विठ्ठलपंत, बायकोला सोडून संन्यास घेतला, परत संसारात आले, आणि त्याची शिक्षा चौघा लेकरांनी भोगली, संन्याशाची पोरं म्हणून गावानं वाळीत टाकलं, पैठणला शुद्धिपत्र मागत जावं लागलं. तो घटस्फोट नव्हता हे मलाही कळतं. पण त्याला त्यातून एवढं मिळालं की आईबापाच्या संसाराचा हिशोब पोरांच्या नावावर टाकणारे लोक तेव्हाही चुकलेच होते. मला उपवासातून हे कधी मिळालं नाही.

नातेवाईक म्हणायचे आपल्यात असलं नसतं, सात जन्माची गाठ असते. माझी आजी, आईची आई, एकदा भडकली, "व्हायच्या की काडीमोडी, पाट बी लागायचे, तवा कुणाचा देव बाटला न्हाई." पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न. मला तोपर्यंत वाटायचं हे सगळं १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानंतरच आलं. हॉस्टेलला माझ्या रूममेटच्या अम्मीनं खुला, म्हणजे बायकोनं मागून घेतलेला तलाक, घेतला होता, त्यांच्यात निकाह मुळात करार, त्यामुळं बाहेर पडायची वाट धर्मातच ठेवलेली. मला वाटलं तिला सोपं गेलं असेल. तिनं सांगितलं की लोक वाट आहे म्हणतात आणि त्याच वाटेनं आलेल्या बाईकडं बघत नाहीत, अम्मी पण नमाजाला बसून रडायची.

मागच्या वर्षी आईनं भाड्याच्या घरात घट बसवायचं ठरवलं. लगेच फोन सुरू झाले, कुळाचा घट नवऱ्याच्या घरी असतो, तुझा आता काय संबंध. आई एवढंच म्हणली, "पंधरा वर्षं मीच बसवला, देवी काय सातबाऱ्यावर आहे का." मी पहिल्यांदाच परत तिच्या शेजारी बसले. माती कुठून आणायची हा प्रश्न होता, लातुरात नर्सरीची मिळते पण आईला शेतातली काळी पाहिजे होती. भाऊ सकाळच्या एसटीनं गावाकडं गेला आणि दुपारी पिशवी घेऊन आला. माती बारीक चाळलेली, एक ढेकूळ नाही. पप्पांनीच चाळणीनं चाळून दिली, म्हणला.

आई काही बोलली नाही, परातीत माती पसरून गहू, ज्वारी, जवस पेरलं. रोज तरवडाच्या फुलांची माळ मी केली. दसऱ्याला धन चांगलं वीतभर आलं होतं, तिनं त्यातली एक मूठ वेगळी काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि भावाच्या बॅगेत ठेवली, गावाकडं न्यायला.