तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या शिंपल्याचं काही करून द्याल का?

मी नाशिकला शिंपले कोरून चांदीत दागिने करते, त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी हा प्रश्न येतोच. कुणीतरी पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढतं, हळूच सोडतं, आत गुहागरचा नाहीतर तारकर्लीचा एखादा शिंपला असतो, आणि मग "ताई, ह्याचं काहीतरी छान करून द्याल का, गळ्यातलं वगैरे?" मी लगेच हो म्हणत नाही. शिंपला खिडकीपाशी नेते, मागून टॉर्च धरून बघते, नखाने टकटक करते, आणि सांगते की ठेवून जा, परवा फोन करते. बऱ्याच जणांना वाटतं हिला काम नकोय किंवा ही भाव खातेय. अजिबात तसं नाही हो. उलट हा प्रश्न कुणी विचारला की मला मनापासून आनंद होतो, फक्त हो म्हणायच्या आधी काही गोष्टी बघाव्याच लागतात, त्या एकदा नीट लिहून टाकते.

ह्याच्या जोडीला दुसरा प्रश्न असतो, की नाशिकला कुठे समुद्र आहे, तुम्हाला हे शिंपल्यांचं वेड कुठून लागलं. तर ते लागलं नदीतून. माझ्या मामांचं गाव दारणेच्या काठी. मे महिन्यात पाणी उतरलं की गाळात शिंप्या सापडायच्या, काळपट हिरव्या, चिखलाने माखलेल्या. आम्ही पोरं त्या धुवून काठावरच्या काळ्या दगडावर पालथ्या घासत बसायचो, तासभर, बोटं हुळहुळी होईपर्यंत, मग फुगीर भागाला एक भोक पडायचं आणि त्या भोकाची कड अशी धारदार व्हायची की कैरीवरून फिरवली की साल आपोआप भोकातून लांब लांब पट्टीसारखी बाहेर यायची. कैरी सोलायची शिंपी. ज्यांनी वापरलीय त्यांना आता तोंडाला पाणी सुटलं असेल. पण मला कैरीपेक्षा त्या भोकाची कड जास्त आवडायची, कारण घासताना आधी ते वरचं हिरवं कातडं जायचं, मग पांढरं खडूसारखं लागायचं, आणि त्याच्या आत एकदम चमकणारा थर, गुलाबी म्हणावं तर हिरवा दिसतो, हिरवा म्हणावं तर जांभळा. मोत्यासारखी चमक फक्त समुद्रातल्या शिंपल्यात असते असं लोकांना वाटतं, पण आपल्या नदीतल्या शिंपीतही तोच थर असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिसिसिपी नदीकाठचं मस्कटीन नावाचं एक गाव नदीतल्या शिंपल्यांपासून शर्टाची बटणं करण्यासाठी जगभर प्रसिद्ध होतं. तुमच्या आजोबांच्या जुन्या सदऱ्याची बटणं थंडगार आणि थोडी जड लागत असतील तर ती पण शिंपल्याचीच असू शकतात, टाकू नका.

चांदीचं काम मी नंतर शिकले, सराफ बाजारातल्या एका गल्लीत, एका म्हाताऱ्या कारागिरांच्या हाताखाली. तार ओढणं, पत्रा कापणं, डाग देणं म्हणजे तापवून सांधे जोडणं, कोंदण, सगळं त्यांनीच शिकवलं. शिंपल्याचं काम त्यांना येत नव्हतं, पण ते एक वाक्य नेहमी म्हणायचे, "आधी माल बघ, मग नक्षी काढ." सोन्याचांदीत हे फारसं जाणवत नाही, धातू आपण म्हणू तसा वळतो, चुकलं तर मुशीत घालून परत वितळवता येतो. शिंपला वितळत नाही. तो एकदा तडकला की संपलं, म्हणून त्या वाक्याचा खरा अर्थ मला शिंपल्याने शिकवला.

तर माल बघायचा म्हणजे काय. शिंपला हा बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे खडूचाच पदार्थ, पण आतल्या प्राण्याने तो थरावर थर देऊन रचलेला असतो आणि मध्ये मध्ये एका प्रथिनाचं अगदी पातळ अस्तर. मोतिया भागात ह्या पापुद्र्यांची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दोन हजारावा भाग, प्रकाशाच्या लहरीच्या लांबीच्या जवळपास, म्हणून त्यावर उजेड पडला की रंग खेळतात. तो रंग कुठून लावलेला नसतो, रचनेतूनच येतो. ह्याचा अर्थ असा की मी कोरताना थरांच्या समांतर गेले तर सलग चमक मिळते, आणि थर तिरके कापले तर वलयं दिसायला लागतात. कांदा तिरका कापल्यावर कसं होतं तसं, आपल्या नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून कधी ती वलयं मुद्दाम काढायची, कधी टाळायची, आणि हे प्रत्येक शिंपल्यात वेगळं असतं कारण प्रत्येकाचा बाक वेगळा. "हे जसंच्या तसं अजून एक करा" असं कुणी म्हटलं की मी म्हणूनच नको म्हणते, डिझाइन तेच काढता येईल पण चमक तीच येणार नाही.

बीचवरून उचललेल्या शिंपल्यांचं एक दुखणं असतं. तो किती वर्षं वाळूत उन्हात पडून होता ते आपल्याला माहीत नसतं. प्रथिनाचं अस्तर गेलेलं असतं, रंग उडालेला, हाताला पावडर लागते. काहींवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोकं असतात, ती समुद्रातले स्पंज पोखरतात, वरून चार दिसली तरी आतून चाळण झालेली असू शकते. असा शिंपला कोरायला घेतला तर हातात भुगा येतो. मग मी काय करते, तो कोरतच नाही, चांदीच्या तारेत आहे तसा बांधून देते. त्यालाही लोक आधी हिरमुसतात पण बांधून झाल्यावर बघतात तेव्हा खूश होतात, कारण तो त्यांना सापडला तसाच गळ्यात राहतो.

आणि काही वेळा सरळ नाही म्हणावं लागतं. दोन वर्षांपूर्वी एक नवराबायको आले होते, लग्नाच्या वाढदिवसासाठी, मोठ्ठा जड नारिंगी-तांबूस शंख घेऊन. समुद्रकाठच्या एका स्टॉलवरून घेतलेला. तिने फोनवर फोटो दाखवला, पांढरा चेहरा आणि मागे नारिंगी रंग असलेलं इटालियन पेंडंट, म्हणाली असं हवंय, माझा चेहरा कोरा. तिचं अगदी बरोबर होतं, इटलीत नेपल्सजवळ तोरे देल ग्रेको नावाचं गाव आहे तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं, ह्याच जातीच्या शंखांवर, कारण त्यांचा वरचा थर पांढरा आणि खालचा नारिंगी किंवा तपकिरी असतो, वरचा कोरून चेहरा ठेवायचा आणि बाकीचा काढून खालचा रंग उघडा करायचा. तिथे १८७८ साली ह्या कोरीवकामाची शाळा पण निघाली. तसा शंख हातात आला आणि माझेसुद्धा हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९७२ चा, वाघ-हत्तींचा म्हणून आपल्याला माहीत असतो, त्याच्या यादीत २००१ मध्ये बरेच शंखशिंपले घातले गेले आणि हा त्यातलाच एक आहे. नॉटिलस, तो गुंडाळीसारखा समुद्री शंख, तो पण आहे, राक्षसी शिंपल्याच्या जाती आहेत. स्टॉलवर उघड विकतात म्हणून चालतं असं होत नाही. त्या शंखातला प्राणी जिवंत असतानाच बाहेर काढलेला असतो, म्हणून तर तो इतका चकचकीत असतो, मेलेला वाहून आलेला असा दिसत नाही. मी त्यांना चहा दिला, सगळं समजावून सांगितलं, ते जरा नाराज होऊन गेले. त्यांच्यासाठी मला आजही वाईट वाटतं पण त्या शंखाला मी हात लावणार नाही.

शंखांचं वेड काही नवीन नाही. कच्छच्या आखाताकाठी नागेश्वर म्हणून हडप्पा काळातली जागा आहे, तिथे शंखाच्या बांगड्या कापायचं काम चालायचं, चार हजार वर्षांपेक्षा जुनं. बंगालमध्ये सवाष्णी अजून शंखाच्या बांगड्या घालतात, आपल्याकडे हिरवा चुडा तसा त्यांचा.

आता एक काम सविस्तर सांगते, म्हणजे मी उजेडात धरून का बघते ते कळेल. सिडकोतल्या एक ताई आल्या होत्या. रुमालात कैरी सोलायची शिंपी! मी बघतच राहिले. त्यांच्या आजीची, भोकाची कड वापरून वापरून इतकी गुळगुळीत झालेली की बोट फिरवलं तर लोण्यासारखं लागत होतं. त्यांच्या लेकीचं लग्न होतं आणि पणजीची काहीतरी वस्तू तिच्या अंगावर असावी अशी इच्छा होती, सोनं तर आजीकडे कधी नव्हतंच. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे पेन्सिल घेऊन कोयरी काढली, कैरीचीच नक्षी ती, दुसरं काय शोभणार, आणि ते भोक कोयरीच्या पोटात बरोबर बसत होतं. दुसऱ्या दिवशी कापायला घेतली. बारीक करवत, वरून पाण्याची धार, कारण शिंपल्याची धूळ फुप्फुसात गेलेली चांगली नाही, मास्क तर असतोच, तरी दाताच्या डॉक्टरकडे ड्रिल लावल्यावर येतो तसला जळका वास येतोच. अर्धी कापून झाली आणि टक् असा आवाज आला. इतका बारीक आवाज, पण तो ऐकून काम करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. भोकापासून कडेपर्यंत चीर. ती आधीपासूनच होती, केसाएवढी, मागून उजेड धरला असता तर दिसली असती. मी धरला नव्हता. उत्साहाच्या भरात माल बघायचाच राहिला.

त्यांना फोन करायला मला दुपार लागली. मी सांगितलं, त्या काही वेळ बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "असू द्या, आईकडे विचारते." चार दिवसांनी परत आल्या, त्यांच्या आईच्या फळीवर मसाल्याच्या डब्यात अजून एक सापडली होती, जरा लहान, पण भोक तेवढंच गुळगुळीत. आजी दोन-तीन ठेवायची म्हणे, शेजारणी मागायला यायच्या. फुटलेल्या शिंपीचे तुकडे त्यांनी परत नेले, मीही द्यायलाच काढून ठेवले होते.

ह्या वेळी दोन दिवस नुसती बघितली. टॉर्चने, भिंगाने, ओली करून, कोरडी करून. नदीतली शिंपी पातळ असते, बिजागरीकडे जरा जाड, कडेला कागदासारखी, म्हणून कोयरीचं टोक जाड बाजूला घेतलं. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लाकडी ठोकळ्यावर बसवली, सोनार लाखेवर बसवतात पण एवढ्या पातळ शिंपीला मी गरम लाख लावत नाही. मग कोरणीने कडेने बारीक पाकळ्या, खोली अर्धा मिलिमीटर सुद्धा नाही. भोकाला मी हात लावला नाही. ती कड आजीने घडवलीय, तिच्यावर मी पॉलिश पण फिरवलं नाही. बाकी भागाला पाण्यात पॉलिश पेपर, चारशे, सहाशे, हजार, दोन हजार, आणि शेवटी चामड्यावर टिन ऑक्साइडची पावडर. मागचं हिरवट कातडं तसंच ठेवलं, उलटं करून बघितलं की नदी दिसावी म्हणून.

चांदीची चौकट आधी पूर्ण करून घ्यावी लागते, हे महत्त्वाचं. डाग देताना चांदी लालबुंद होते, नंतर ती उजळायला तेजाबात टाकतात, आणि शिंपल्याला ह्यातलं काहीच चालत नाही, आच लागली की पांढरा पडून तडकतो आणि आम्लात तर फसफसून विरघळतोच. म्हणून टाकणखार (डाग नीट बसावा म्हणून लावतात तो), डाग, तेजाब, पॉलिश सगळं उरकून, चौकट थंड झाल्यावर सगळ्यात शेवटी शिंपी आत ठेवायची आणि चांदीची पातळ कड हलक्या हाताने तिच्यावर दाबत जायचं, समोरासमोर थोडं थोडं, एका बाजूने सलग दाबलं तर दुसरीकडून उचलते. त्या वीस मिनिटांत मी फोन बंद ठेवते, कुणाशी बोलत नाही.

ताई घ्यायला आल्या तेव्हा लेक पण बरोबर होती. तिने आधी भोकातून बोट फिरवलं. तिच्या आईने सांगितलं होतं की काय कोण जाणे, पण पहिल्यांदा तिथेच बोट गेलं.

घेऊन जाताना मी सगळ्यांना सांगते तेच इथेही सांगते. अत्तर, परफ्यूम आधी मारा, दागिना नंतर घाला. लिंबू, चिंच, व्हिनेगर लागू देऊ नका. चांदी काळी पडली की लोक ती साफ करायच्या लिक्विडमध्ये बुडवतात, ते तर अजिबात नाही, शिंपल्याची चमक एका बुडवणीत जाते आणि ती परत आणता येत नाही. ओल्या मऊ फडक्याने पुसा, कोरडं करा, बस.

आणि तुमच्याकडे काही असेल तर जरूर घेऊन या. ब्लीचमध्ये घालू नका, वरचं कातडं खरवडू नका, आहे तसा आणा, कुठे मिळाला आणि कुणाला मिळाला ते आठवत असेल तर सांगा. विकत घेतलेला असेल तर आधी फोटो पाठवा, म्हणजे यादीतला असला तर तुमची फेरी वाचेल. आणि जोडीतली दुसरी शिंपली घरी कुठे डब्यात, फळीवर पडलेली असेल तर तीही घेऊन या.